डॉ. सुभाष मुखोपाध्याय : दुर्गेच्या जन्मामागचे संशोधक

सप्टेंबर १९७८ च्या अखेरीस अतिवृष्टी आणि महापुराने पश्चिम बंगाल हवालदिल झाला होता. कोलकाता शहरही कित्येक दिवस पाण्याखाली होते. ते पाणी ओसरते न ओसरते आणि दुर्गापूजेचे वेध लागतात, तोच ३ ऑक्टोबर रोजी शहरातील एका खाजगी रुग्णालयात एका मुलीचा जन्म झाला. पूजेच्या दिवसांत जन्मली म्हणून तिला दुर्गा म्हटले गेले. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे २५ जुलै रोजी लुईस ब्राउन ही जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली होती. त्या घटनेला जेमतेम दहा आठवडे झाले होते. कोलकात्याची ही मुलगीही त्याच मार्गाने, म्हणजे शरीराबाहेर फलित झालेल्या स्त्रीबीजापासून, जन्मली असल्याचे तिच्या मातेवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जाहीर केले. त्या डॉक्टरांचे नाव सुभाष मुखोपाध्याय. पुढील पावणेतीन वर्षांत त्यांचा दावा खोटा ठरविण्यात आला, त्यांच्या संशोधनाचे दरवाजे बंद झाले आणि वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांनी जीवनयात्रा संपविली. आज त्यांचे नाव भारतीय वैद्यकशास्त्राच्या इतिहासात आदराने घेतले जाते.

सुभाष मुखोपाध्याय यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे झाला. हे गाव तेव्हा बिहार-ओरिसा प्रांतात होते, आता ते झारखंडमध्ये आहे. १९५५ मध्ये त्यांनी कोलकात्यातील राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेतली. पदवीनंतर दवाखाना थाटून बसण्याचा रूढ मार्ग त्यांनी धरला नाही. ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले आणि प्राध्यापक सच्चिदानंद बॅनर्जी यांच्या मार्गदर्शनाखाली प्रजननाच्या शरीरक्रियेवर संशोधन करून १९५८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. पुढे ते स्कॉटलंडमधील एडिनबरो विद्यापीठात गेले आणि १९६७ मध्ये प्राध्यापक जॉन लोरेन यांच्याकडे काम करून त्यांनी दुसरी डॉक्टरेट संपादन केली. या वेळचा विषय होता प्रजननाशी संबंधित संप्रेरके.

एडिनबरोतील ही वर्षे त्यांच्या सर्व कार्याचा पाया ठरली. लोरेन यांची प्रयोगशाळा संप्रेरकांच्या मोजमापासाठी प्रसिद्ध होती. रक्तात वा लघवीत ही द्रव्ये इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतात की त्यांचे अस्तित्व सिद्ध करणे हीच त्या काळी मोठी कामगिरी समजली जात असे. न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ जेम्स ब्राउन यांनी लघवीतील इस्ट्रोजेन मोजण्याची विश्वासार्ह पद्धत १९५५ मध्ये याच शहरात सिद्ध केली होती. मुखोपाध्याय यांचे काम ल्युटिनायझिंग हॉर्मोन, अर्थात एलएच, या संप्रेरकाच्या मोजमापाशी निगडित होते. शरीरातील एखादी अदृश्य घडामोड मोजता आली तर ती समजते आणि समजली तर हाताळताही येते, ही दृष्टी त्यांनी तेथून आणली, असे त्यांच्या पुढील कामावरून दिसते.

या घडामोडीचे स्वरूप वाचकांनी थोडे समजून घेतले पाहिजे. त्यावाचून कोलकात्यात नेमके काय केले गेले आणि ते धाडसाचे का होते, हे कळणार नाही.

स्त्रीच्या अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा जन्मापूर्वीच तयार झालेला असतो. गर्भावस्थेच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास त्यांची संख्या साठ ते सत्तर लाखांपर्यंत पोहोचते आणि मग घटू लागते. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख आणि वयात येताना तीन ते चार लाख बीजे शिल्लक राहतात. त्यांपैकी आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती सुमारे चारशे. प्रत्येक बीज पेशींच्या एका आवरणात वाढते. या आवरणासह बीजाला पुटक म्हणतात. दर महिन्याला पुटकांचा एक लहानसा समूह वाढीला लागतो. प्रत्येक पुटक तेव्हा दोन ते पाच मिलिमीटर व्यासाचे असते. परंतु काही दिवसांतच त्यांतील एकच पुटक पुढे निघते आणि बाकीची कोमेजून जातात. निवड होते ती याच टप्प्यावर.

ही निवड करतो कोण? मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके स्रवते. पहिले पुटकांची वाढ करणारे फॉलिकल स्टिम्युलेटिंग हॉर्मोन, ज्याला सोयीसाठी एफएसएच म्हणतात, आणि दुसरे एलएच. मागील मासिक चक्र संपता संपता एफएसएचचे प्रमाण किंचित वाढते आणि त्या आधाराने पुटकांचा समूह वाढू लागतो. पुटकाच्या बाहेरील थरातील पेशी एलएचच्या प्रेरणेने पुरुषी संप्रेरके बनवितात आणि आतील थरातील पेशी एफएसएचच्या प्रेरणेने त्यांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. पुटके वाढू लागली की इस्ट्रोजेन वाढते. त्याच वेळी पुटकांतून इन्हिबिन नावाचे आणखी एक द्रव्य पाझरू लागते. ही दोन्ही द्रव्ये रक्तावाटे पीयूषिकेपर्यंत जातात आणि तिला एफएसएच कमी करण्याचा इशारा देतात. म्हणजे पुटके स्वतःच आपला शिधा आटविण्याची व्यवस्था करतात!

या टंचाईत टिकाव धरते ते एकच पुटक. सर्वांच्या थोडे पुढे गेलेल्या, सुमारे दहा मिलिमीटरच्या पुटकाला आता कमी एफएसएच पुरते. त्याचा रक्तपुरवठा अधिक असतो, आणि त्याच्या आतील पेशी एलएचलाही प्रतिसाद देऊ लागलेल्या असतात. मागे पडलेल्या पुटकांना हे जमत नाही. पुढे गेलेल्या पुटकातून येणाऱ्या इस्ट्रोजेनची पातळी सुमारे दोन दिवस चढती राहिली की पीयूषिकेचे वागणे एकदम पालटते. दबण्याऐवजी ती एलएचचा लोंढा सोडते आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी बीज पुटकातून बाहेर पडते.

योगायोग असा की पुटकांच्या वाढीसाठी एफएसएचची एक विशिष्ट किमान पातळी ओलांडावी लागते, हा सिद्धान्त जेम्स ब्राउन यांनी मेलबर्नहून मांडला तो १९७८ मध्येच. ही पातळी अवघ्या दहा ते तीस टक्क्यांनी ओलांडली तरी वाढ सुरू होते, असे त्यांना आढळले होते. एफएसएच या पातळीच्या वर किती दिवस राहते यावर पुटकांची संख्या ठरते, हा पुढचा विचार १९८० च्या दशकात एडिनबरोच्याच डेव्हिड बेअर्ड यांनी मांडला. एफएसएचचे दार थोडा वेळ उघडे राहिले तर एकच पुटक आत जाते आणि ते बाहेरून धरून ठेवले तर अनेक जातात, असे सोप्या शब्दांत म्हणता येईल.

हे दार बाहेरून धरून ठेवण्याचे साधन १९७८ मध्ये उपलब्ध होते. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयाकडून येणारा इशारा थांबतो. पीयूषिका मग मोठ्या प्रमाणात एफएसएच आणि एलएच स्रवू लागते आणि ती लघवीवाटे बाहेर पडतात. इटलीतील पिएरो डोनिनी यांनी १९४९ च्या सुमारास अशा लघवीतून ही संप्रेरके वेगळी काढली. त्यासाठी लागणारा कच्चा माल पुढे वृद्ध जोगिणींच्या मठांतून गोळा केला जाई, ही वैद्यकाच्या इतिहासातील एक गमतीदार नोंद आहे. इस्रायलमधील ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी या औषधाच्या साहाय्याने, बीजे बाहेर पडत नसलेल्या स्त्रियांमध्ये गर्भधारणा घडवून आणली. एचएमजी या नावाने ते ओळखले जाऊ लागले.

एडिनबरोहून परतल्यावर डॉ. मुखोपाध्याय कोलकात्यातील नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करू लागले. नंतर राज्याच्या पश्चिम भागातील बांकुडा सम्मिलनी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले. सरकारी नोकरी, अध्यापनाचा भार आणि जेमतेम साधने अशा परिस्थितीत त्यांचे संशोधन चालू होते. पत्नी नमिता या शिक्षिका होत्या. या दांपत्याला अपत्य नव्हते.

टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगात त्यांना दोन सहकारी लाभले. जादवपूर विद्यापीठाशी संबंधित सुनीत मुखर्जी हे शीतकरणाचे जाणकार होते, तर डॉ. सरोजकांती भट्टाचार्य हे स्त्रीरोगतज्ज्ञ. एक शरीरक्रियाशास्त्रज्ञ, एक अन्नतंत्राच्या क्षेत्रातून आलेला शीतकरणतज्ज्ञ आणि एक शल्यचिकित्सक अशी ही जुळणी होती. मोठी संस्था त्यांच्या पाठीशी नव्हती. त्यांच्याकडे आलेल्या महिलेच्या बीजवाहिन्यांत दोष असल्याने नैसर्गिक गर्भधारणा होत नव्हती. अंडाशय आणि गर्भाशय मात्र सक्षम होते.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. त्यांनीही प्रथम संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी अनेक पुटके वाढवून पाहिली होती. बीजे मिळत, ती फलितही होत, परंतु गर्भाशयात भ्रूण रुजत नसे. एकाच वेळी अनेक पुटके वाढली की इस्ट्रोजेन नैसर्गिक पातळीच्या कितीतरी वर जाते आणि गर्भाशयाच्या अस्तराची तयारी बिघडते, हे त्यामागचे कारण असल्याची त्यांची अटकळ होती. अखेर त्यांनी इंजेक्शने सोडली आणि निसर्गाने निवडलेल्या एकाच बीजावर भिस्त ठेवली. लघवीतील एलएच वारंवार मोजून ते बीज बाहेर पडण्याची घटका हेरावयाची आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ते वेळेवर काढावयाचे, रात्र असो वा पहाट. लुईस ब्राउनचा जन्म झाला तो या मार्गाने.

कोलकात्यातील तिघांनी नेमकी उलट वाट धरली. त्यांनी एचएमजी देऊन निसर्गाची निवड काही दिवस थोपविली आणि एकाऐवजी अनेक पुटके वाढू दिली. बीजे काढण्यासाठी पोटावर छेद न घेता योनिमार्गाने छोटी शस्त्रक्रिया केली. फलित बीजांपासून वाढलेले भ्रूण लगेच गर्भाशयात न सोडता त्यांनी ते गोठविले. गोठविताना बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटू नयेत म्हणून डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रव्याचा उपयोग केला. भ्रूण ५३ दिवस गोठविलेल्या अवस्थेत राहिले. इंजेक्शनांचा परिणाम ओसरून मातेचे शरीर पूर्ववत झाल्यावर, पुढील एका नैसर्गिक चक्रात ते वितळवून गर्भाशयात सोडण्यात आले.

युक्ती साधी वाटते, पण तिच्यात संप्रेरकांची सगळी जाण एकवटली आहे. बीजे मिळविण्यासाठी शरीराला जी अवस्था हवी आणि भ्रूण रुजण्यासाठी जी हवी, त्या दोन निराळ्या अवस्था आहेत. त्या एकाच महिन्यात जुळत नसतील तर मध्ये कालावधी सोडावा आणि तो कालावधी शीतपेटीने भरून काढावा. प्रस्तुत लेखकाच्या मते मुखोपाध्याय यांचे वेगळेपण कोलकात्यातील मूल जगात दुसरे होते की नाही या वादापेक्षा या विचारात अधिक आहे. गोठविलेल्या भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याचे ऑस्ट्रेलियातील ॲलन ट्राउन्सन आणि लिंडा मोर यांनी १९८३ मध्ये जाहीर केले, आणि तशा भ्रूणापासून जन्मलेले जगाने मान्य केलेले पहिले मूल १९८४ मध्ये मेलबर्न येथे जन्मले. अमेरिकेत एचएमजीचा उपयोग करून पहिली टेस्ट ट्यूब बेबी डिसेंबर १९८१ मध्ये जन्मली. आज जगभरातील केंद्रांमध्ये संप्रेरकांची इंजेक्शने आणि योनिमार्गाने बीजे काढणे हा नित्याचा क्रम झाला आहे. सर्व भ्रूण गोठवून पुढील चक्रात त्यांचे आरोपण करणेही अनेक रुग्णांच्या बाबतीत केले जाते.

हे काम त्यांनी लपवून ठेवले नव्हते. भ्रूणाच्या शीतकरणाविषयी तिघांचा एक संक्षिप्त अहवाल १९७८ मध्येच शीतशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मात्र सर्व तपशिलांसह सविस्तर प्रबंध एखाद्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात आला नाही. वृत्तपत्रांना बातमी आधी समजली आणि ती देशभर गाजली. सरकारी सेवेतील डॉक्टरांनी वरिष्ठांना कळविण्यापूर्वी वृत्तपत्रांशी बोलावे, ही गोष्ट आरोग्य खात्यातील अनेकांना रुचली नाही. ऑक्टोबरमध्येच मुखोपाध्याय यांनी राज्याच्या आरोग्य संचालकांना आपल्या पद्धतीचा अहवाल सादर केला.

राज्य सरकारने दाव्याची तपासणी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी मुखोपाध्याय यांना तिच्यापुढे उभे राहावे लागले. समितीचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. सदस्यांमध्ये स्त्रीरोग, शरीरक्रिया अशा विषयांचे जाणकार होते, परंतु शरीराबाहेर बीज फलित करणे अथवा भ्रूण गोठविणे या कामाचा अनुभव असलेला एकही सदस्य नव्हता. अर्थात त्या वर्षी असा अनुभव असलेली माणसे जगातच मोजकी होती, हेही समितीच्या बाजूने नोंदविले पाहिजे. साध्या उपकरणांनी, एका छोट्या सदनिकेत आणि विजेच्या भरवशावर न चालणाऱ्या शहरात असे काम होणे शक्य नाही, असा सूर होता. समितीने दावा अविश्वसनीय ठरविला.

दाव्याची सिद्धता हा तसा अवघडच प्रश्न होता. मुलगी आईवडिलांचीच आहे हे रक्ततपासणीने सांगता येईल, पण गर्भधारणा शरीराच्या आत झाली की बाहेर, हे मुलीच्या शरीरावर कोठेही लिहिलेले नसते. मातेच्या बीजवाहिन्यांची अवस्था, संप्रेरकांच्या नोंदी आणि प्रयोगशाळेतील टिपणे हाच काय तो पुरावा. त्यात मुलीच्या कुटुंबाला समाजाच्या बोलण्याची धास्ती होती आणि प्रसिद्धी नको होती. त्या काळात अशा मुलाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील, याची खात्री कोणालाच नव्हती. त्यामुळे मुखोपाध्याय यांच्या बाजूने साक्ष देण्यासाठी कुटुंब पुढे येऊ शकले नाही आणि रुग्णाची गुप्तता त्यांनी स्वतःही मोडली नाही.

एक समिती चुकली, इथेच गोष्ट थांबली असती तर तिचे एवढे दुःख वाटले नसते. शास्त्रात नव्या दाव्यावर संशय घेणे हे कर्तव्यच असते आणि संशयाला उत्तर प्रयोग पुन्हा करून देता येते. पण मुखोपाध्याय यांना तीच संधी मिळाली नाही. जपानमधील क्योतो विद्यापीठाने १९७९ च्या आरंभी त्यांना आपले काम मांडण्यासाठी निमंत्रण दिले. सरकारने त्यांना जाण्याची परवानगी दिली नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांसमोर प्रश्नोत्तरांना सामोरे जाण्याचा तो एक मार्ग होता आणि तो बंद झाला. सहकारी, परिचित यांच्याकडून उपहास वाट्याला आला. त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. जून १९८१ मध्ये त्यांची बदली कोलकात्यातील प्रादेशिक नेत्रविज्ञान संस्थेत करण्यात आली. प्रजननाच्या संप्रेरकांवर दोन डॉक्टरेट मिळविलेल्या माणसाला डोळ्यांच्या विद्युत्-शरीरक्रियेचे काम देण्यात आले होते. त्यानंतर काही दिवसांतच, १९ जून १९८१ रोजी, कोलकात्यातील आपल्या घरी त्यांनी आत्महत्या केली.

त्यांच्या मृत्यूची चर्चा बंगालमध्ये बराच काळ चालू राहिली. बंगाली कादंबरीकार रमापद चौधुरी यांनी या घटनेवरून स्फुरलेली अभिमन्यू ही कादंबरी लिहिली. तिच्या आधारे तपन सिन्हा यांनी एक डॉक्टर की मौत हा हिंदी चित्रपट काढला. पंकज कपूर आणि शबाना आझमी यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटात संशोधनाचा विषय बदलून कुष्ठरोगाची लस असा करण्यात आला आहे. १९९० च्या राष्ट्रीय पुरस्कारांत दुसऱ्या क्रमांकाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि दिग्दर्शनाचा पुरस्कार त्याला मिळाला. दूरदर्शनच्या पडद्यावर तो पाहिलेल्या अनेकांना त्यामागची मूळ हकिगत ठाऊक नसण्याचाच संभव अधिक.

मुखोपाध्याय यांच्या कार्याला मान्यता मिळवून देण्याचे श्रेय मात्र ज्यांच्याकडे जाते, ते मुंबईत काम केलेले शास्त्रज्ञ होते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा या मुलीचा जन्म झाला. रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळ येथीलच प्रजनन संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या संयुक्त प्रयत्नांचे ते फळ होते. ही संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. हर्षाचा जन्म भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून सर्वत्र नोंदला गेला आणि महाराष्ट्रात त्याचे मोठे कौतुक झाले. कागदपत्रे चोख होती आणि सर्व टप्पे तपासून पाहता येण्याजोगे होते. दावा कोणीही नाकारला नाही.

फेब्रुवारी १९९७ मध्ये आनंद कुमार एका वैद्यकीय परिषदेसाठी कोलकात्याला गेले. तेथे त्यांच्या हाती मुखोपाध्याय यांची टिपणे आणि कागदपत्रे पडली. त्यांनी ती बारकाईने वाचली, दुर्गेच्या पालकांशीही ते बोलले आणि कोलकात्यात १९७८ मध्ये खरोखरच टेस्ट ट्यूब बेबी जन्मली होती, या निष्कर्षावर आले. त्याच वर्षी करंट सायन्स या बंगळूरहून निघणाऱ्या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे श्रेय मुखोपाध्याय यांना दिले. याचा सरळ अर्थ असा होता की हर्षा पहिली नव्हती. ज्या मानावर त्यांचे स्वतःचे नाव कोरलेले होते, तो त्यांनी सोळा वर्षांपूर्वी मरण पावलेल्या एका माणसाच्या स्वाधीन केला. त्यांना तसे करावयास कोणी भाग पाडलेले नव्हते. कागदपत्रे पुन्हा पेटीत ठेवून ते परिषदेहून परतले असते तरी कोणाच्या लक्षात आले नसते. आनंद कुमार यांचे २०१० मध्ये निधन झाले.

त्यानंतर गोष्टी हळूहळू बदलत गेल्या. २००३ मध्ये, वयाची पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर, दुर्गा स्वतः एका कार्यक्रमात लोकांपुढे आली आणि आपल्या जन्माची हकिगत तिने जाहीरपणे मान्य केली. ज्या प्रसिद्धीची कुटुंबाला एकेकाळी धास्ती होती, ती आता तिला नकोशी राहिली नव्हती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सहायक प्रजनन केंद्रांसाठी २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत जगातील दुसरी टेस्ट ट्यूब बेबी म्हणून कोलकात्यातील जन्माचा उल्लेख असून तो मुखोपाध्याय आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांच्या प्रयत्नांचे फळ असल्याचे नमूद आहे. त्याच ठिकाणी, शास्त्रीय कागदपत्रांनिशी नोंदलेली देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी मुंबईत १९८६ मध्ये जन्मल्याचेही म्हटले आहे. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही खरी आहेत. २००७ मध्ये लंडनमध्ये संपादित झालेल्या वैद्यकीय चरित्रकोशातही मुखोपाध्याय यांच्या नावाची नोंद घेण्यात आली.

इंग्लंडमधील रॉबर्ट एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सहकारी स्टेप्टो १९८८ मध्येच निवर्तले होते. एडवर्ड्स यांनाही विरोधाला तोंड द्यावे लागले होते. १९७१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना अर्थसाहाय्य नाकारले होते. पण त्यांची प्रयोगशाळा कोणी बंद केली नाही. १९८० मध्ये त्यांनी आणि स्टेप्टो यांनी केंब्रिजजवळ बोर्न हॉल येथे स्वतःचे केंद्र उघडले आणि पुढील काही वर्षांत तेथून एकामागून एक मुले जन्माला आली. नैसर्गिक चक्रावरून तेही लवकरच पुन्हा संप्रेरकांच्या इंजेक्शनांकडे वळले. १९७८ मध्ये मुखोपाध्याय यांनी निवडलेली वाट तीच होती.

दुर्गा व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन नोकरीला लागली. पुढे तिचे लग्न झाले आणि २०१० च्या दशकात ती एका मुलीची आई झाली. मुलीचा जन्म नैसर्गिक गर्भधारणेतून झाला.